‘होईपर्यंत’ आणि ‘आहे तोवर’

पत्र:

मॅडम, नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात बचत गटाची सचिव आहे. वय ४६. बारावीनंतर लग्न झालं, पुढे एमएस-सीआयटी केलं, त्याच्या जोरावर गटाच्या वह्या आणि बँकेचे कागद सांभाळते. मुलगा पुण्याला नोकरीला लागला, त्याचा जुना लॅपटॉप घरी पडून होता. मोबाइलवर व्हिडिओ बघून तीन महिने पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतेय. फॉर लूपपर्यंत, म्हणजे तेच काम ठरलेल्या वेळा करून घेण्यापर्यंत, सगळं जमलं. अट खरी आहे तोवर काम करून घेणाऱ्या व्हाईलला अडले.

आमच्या एका सभासदाने गटाकडून २०,००० रुपये कर्ज घेतलंय, महिना शेकडा दोन व्याजाने. म्हटलं, तिचं कर्ज कधी फिटेल ते काढू. हप्ता १००० धरला आणि ‘व्हाईल शिल्लक != ०’ असं लिहिलं (‘!=’ म्हणजे ‘बरोबर नाही’). आकडे भराभर पळाले, मग उणे झाले, मग त्यांच्यात ‘ई’ अक्षर घुसलं आणि शेवटी पडदाभर नुसतं ‘-आयएनएफ’. पंखा ओरडायला लागला. व्हायरस आला असं वाटून मी बटण दाबून धरलं आणि बंद केलं. दुसऱ्या दिवशी हप्ता ४०० घातला, कारण ती खरोखर तेवढेच भरते. तर २००००, २००००, २००००, दुसरं काहीच नाही. पुन्हा बटण.

लॅपटॉप बिघडला का? एवढं हुशार यंत्र, आपण गोल गोल फिरतोय हे त्याला कळत कसं नाही? फॉर येतो तर व्हाईल शिकायलाच हवा का? आणि हे मुलाला सांगू की नको?

— एक सचिव


उत्तर:

ताई, लॅपटॉप ठणठणीत आहे. प्रोसेसर जीव तोडून बेरीज-वजाबाकी करत होता, तापला, आणि ती उष्णता बाहेर फेकायला पंखा जोरात फिरला. फार तापला तर तो आपला वेग आपणच कमी करतो. एकवीस वर्षं मी पॉलिटेक्निकला प्रोग्रॅमिंग शिकवलं. न थांबणाऱ्या लूपने मशीन जळाल्याचं एकदाही पाहिलं नाही. बटण दाबून धरणं मात्र सोडा. त्याने उघड्या फाइलमधलं न साठवलेलं काम जातं. कंट्रोल धरून ‘सी’ दाबा. प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबेल आणि लाल अक्षरांत ‘कीबोर्ड-इंटरप्ट’ असं काहीतरी येईल. ती तुमची चूक दाखवलेली नसते. ‘कळ दाबून थांबवलं’ एवढीच ती नोंद. मोबाइलवर करत असाल तर अॅपमध्ये थांबवायचं चौकोनी बटण असतं.

एका बाबतीत मात्र सांभाळा. लूपच्या आत फाइलमध्ये लिहिणं चालू असेल आणि लूप थांबला नाही, तर डिस्क भरत जाते. यादी वाढवत असाल तर मेमरी भरते आणि सगळंच गोठतं. पडद्यावर छापण्याने तसं काही होत नाही.

‘-आयएनएफ’ हा व्हायरस नाही, ते ‘उणे अनंत’ आहे. पायथन दशांश अपूर्णांकांसाठी ठरावीक जागा वापरतो. त्या जागेत मावणारी सगळ्यात मोठी संख्या ३०९ अंकी असते. तुमची शिल्लक उण्यात जाऊन फेऱ्यागणिक दोन टक्क्यांनी फुगत गेली. ३५ हजारांहून जास्त फेऱ्यांनंतर ३०९ अंकही पुरेनात, तेव्हा पायथनने हात टेकले आणि ‘अनंत’ लिहून टाकलं. ते ‘ई’ म्हणजे दशांश चिन्ह किती घरं पुढे सरकवायचं हे सांगायची आखूड रीत. तीन महिन्यांत तुम्ही अनंताला जाऊन आलात, माझ्या कित्येक विद्यार्थ्यांना अख्ख्या डिप्लोमात ते जमलं नव्हतं.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. व्हाईल आपल्याला अवघड जातो त्याचं निम्मं कारण मला नेहमी आपल्या भाषेत सापडतं. आपण काम सांगताना शेवट सांगतो. ‘दूध उकळेपर्यंत थांब.’ ‘कर्ज फिटेपर्यंत हप्ते भर.’ ‘पाऊस थांबेपर्यंत बाहेर जाऊ नको.’ ‘-पर्यंत’च्या आधी जे येतं ती थांबायची खूण. व्हाईलला हवं असतं ते बरोबर उलटं. तो विचारतो, मी कुठवर चालू राहू? म्हणजे ‘दूध उकळलेलं नाही तोवर’, ‘देणं बाकी आहे तोवर’, ‘पाऊस पडतोय तोवर’. माझ्या वर्गात दर वर्षी निम्मी मुलं व्हाईलपुढे थांबायची अट लिहून ठेवत आणि लूप एकदाही का फिरला नाही म्हणून मॉनिटरकडे रागाने बघत बसत. मी स्वतः आधी पास्कल शिकले. त्या भाषेत ‘रिपीट–अनटिल’ नावाचा दुसरा लूप होता, आपल्या ‘होईपर्यंत’सारखाच: आधी काम, शेवटी खूण तपासायची. पायथनमध्ये तो नाही. तेव्हा वाक्य तुम्हालाच उलटावं लागतं.

तुम्ही ते उलटलंत, पण अर्धवट. मनात होतं ‘शिल्लक शून्य होईपर्यंत’. त्याचं तुम्ही केलंत ‘शिल्लक शून्य नाही तोवर’. व्याकरणाने बरोबर, हिशेबाने घातक. कारण शिल्लक बरोबर शून्यावर पाय ठेवेल अशी हमी कुणी दिली? आकडे बघा. पहिल्या महिन्यात २०,००० वर व्याज ४००, हप्ता १०००, उरले १९,४००. मग १८,७८८. मग १८,१६३.७६. असं करत पंचविसाव्या महिन्यानंतर ७८१.८२ उरतात. सव्विसाव्या महिन्यात त्यावर १५.६४ व्याज चढतं, हजार वजा होतात आणि शिल्लक होते उणे २०२.५४. शून्य मधल्या मधे ओलांडलं गेलं. एसटी आपल्या थांब्यावर न थांबता पुढे निघून जावी तसं. आणि ‘शून्य नाही ना? मग चालू दे’ हा तुमचाच हुकूम, त्यामुळे प्रोग्रॅम पुढे जातच राहिला. सत्ताविसाव्या महिन्यापासून गटच त्या बाईचा कर्जदार झाला आणि तिला व्याज देऊ लागला!

वाक्य उलटताना ‘नाही’ लावून मोकळं होऊ नका. दारात उभं राहून काय विचारायचंय ते पुन्हा नव्याने बोला. ‘देणं बाकी आहे तोवर.’ बाकी आहे म्हणजे शून्यापेक्षा जास्त आहे. ‘व्हाईल शिल्लक > ०’. एका चिन्हाचा फरक.

दारात म्हटलं, तेही सांगते. अट फक्त उंबऱ्यावर तपासली जाते, दर फेरीला एकदा. आत शिरल्यावर मधल्या एखाद्या ओळीत शिल्लक उणे झाली तरी लूप तिथून उडी मारून बाहेर पडत नाही. उरलेल्या सगळ्या ओळी चालवतो, परत दारात येतो आणि तेव्हा बघतो. म्हणून नुसतं ‘> ०’ केलंत तर लूप थांबेल, पण शेवटच्या ओळीत उणे २०२.५४ छापूनच थांबेल. वहीत असं लिहिता येणार नाही. शेवटचा हप्ता बेताचा घ्यायला हवा:

शिल्लक = २००००
हप्ता = १०००
महिना = ०
व्हाईल शिल्लक > ०:
    व्याज = शिल्लक * २ / १००
    इफ शिल्लक + व्याज < हप्ता:
        हप्ता = शिल्लक + व्याज
    शिल्लक = शिल्लक + व्याज - हप्ता
    महिना = महिना + १
    प्रिंट(महिना, हप्ता, शिल्लक)

इथे सगळंच देवनागरीत छापलंय. तुम्ही टंकताना व्हाईल, इफ, प्रिंट हे शब्द आणि आकडे इंग्रजीत टंका. पण शिल्लक, हप्ता, व्याज ही नावं अशीच्या अशी मराठीत ठेवलीत तरी पायथन ३ ला चालतं. व्हिडिओवाले हे सांगत नाहीत. मी सांगते, कारण ‘बॅलन्स’च्या जागी ‘शिल्लक’ दिसलं की गटाची वही लिहिणाऱ्या बाईला आपला प्रोग्रॅम परका वाटत नाही. आणखी एक गंमत. वापरणाऱ्याने देवनागरीत ‘२००००’ असं टंकलं आणि तुम्ही ते ‘इंट’मधून, म्हणजे मजकुराची पूर्ण संख्या करणाऱ्या सोयीतून, काढलंत, तर पायथन त्याची मुकाट्याने संख्या करतो.

वरचा प्रोग्रॅम २६ ओळी छापेल, शेवटचा हप्ता ७९७ रुपये ४६ पैशांचा असेल आणि शिल्लक शून्य. गटात व्याज रुपयाला पुरं करून लिहीत असाल तर थोडा फरक पडेल.

आता ४०० च्या हप्त्याचं. ताई, तो प्रोग्रॅम चुकला नव्हता.

वीस हजारांवर शेकडा दोनने महिन्याचं व्याज किती? चारशे. ती भरते किती? चारशे. मग शिल्लक किती? पुन्हा वीस हजार. प्रत्येक फेरीत अट तपासली जातेय, व्याज चढतंय, हप्ता वजा होतोय, सगळं यथासांग चाललंय, आणि जी एक गोष्ट हलायला हवी तीच हलत नाही. लूप थांबत नाही, कारण कर्ज फिटत नाही. तुम्ही विचारलंत ‘कधी फिटेल?’ आणि यंत्राने पडदाभर उत्तर लिहून दिलं. ५० महिन्यांत ती २०,००० रुपये भरून मोकळी होईल आणि मुद्दलातला रुपया कमी झालेला नसेल. हे व्याज गटाच्याच पेटीत येतं, सावकाराच्या खिशात जात नाही, हे खरं. पण तिच्या पदरातून जातंच ना? तीनशे भरत असती तर कर्ज वाढत वाढत पुन्हा अनंताकडेच गेलं असतं, या खेपेला अधिकच्या बाजूने.

म्हणून व्हाईल लिहिला की मी एकच प्रश्न विचारायला शिकवायचे: या फेरीत काय हललं, आणि ते दाराकडे हललं की दारापासून लांब? ‘महिना = महिना + १’ हेही हलतं, पण अटीत महिना नाहीच, त्यामुळे ते हलून उपयोग नाही. अटीत शिल्लक आहे. शिल्लकच शून्याकडे सरकायला हवी. प्रत्येक फेरीत, प्रत्येक वाटेने.

‘प्रत्येक वाटेने’ हे शब्द मुद्दाम वापरले. मायक्रोसॉफ्टचं झ्यून नावाचं गाणी ऐकायचं खिशातलं यंत्र होतं. ३१ डिसेंबर २००८ ला त्याची ३० जीबीची यंत्रं ठिकठिकाणी एकाच दिवशी गोठली. दोष घड्याळाच्या आतल्या एका व्हाईल लूपमध्ये होता. यंत्र १ जानेवारी १९८० पासूनचे दिवस मोजायचं आणि त्यावरून साल काढायचं. ‘दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत तोवर’ फिरत राहायचं. साधं वर्ष असेल तर ३६५ वजा करायचे. लीप वर्ष असेल तर, दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील तरच, ३६६ वजा करायचे. वाचायला बिनचूक वाटतं. पण २००८ हे लीप वर्ष, आणि ३१ डिसेंबर हा त्याचा ३६६ वा दिवस. ३६६ हे ३६५ पेक्षा जास्त, म्हणून आत शिरलं. वर्ष लीप, म्हणून त्या वाटेने गेलं. ३६६ पेक्षा जास्त? नाही. मग काहीच वजा झालं नाही. परत दारात, ३६६ घेऊन. परत आत. कंपनीने सांगितलेला उपाय असा की बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीला पुन्हा चालू करा. म्हणजे तुमच्या बटण दाबून धरण्याचाच हा मोठा भाऊ! वर्षातले बाकी सगळे दिवस तो लूप बरोबर चालायचा. एका वाटेवर, एका दिवशी, काही हललं नाही.

‘यंत्राला कळत कसं नाही’ हा तुमचा प्रश्न दिसतो तेवढा भाबडा नाही. १९३६ मध्ये अॅलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने याच्याच मुळाशी हात घातला. कुठलाही प्रोग्रॅम समोर ठेवा, तो कधी तरी थांबेल की कायमचा फिरत राहील हे दर वेळी बिनचूक सांगणारी एकच एक रीत असू शकत नाही, असं त्याने सिद्ध केलं. आज आपण वापरतो तसले संगणक तेव्हा बनलेही नव्हते. तुमच्या चारशेच्या लूपसारखी सोपी प्रकरणं ओळखणारा प्रोग्रॅम लिहिता येईल, नाही असं नाही. पण सगळ्यांना पुरून उरणारा नाही. एक साधा लूप बघा: संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, आणि १ येत नाही तोवर हेच करत राहा. २७ पासून सुरू करा. आकडा वाढत वाढत ९२३२ पर्यंत चढतो आणि १११ पायऱ्यांनी १ वर उतरतो. १ किंवा त्याहून मोठ्या कुठल्याही पूर्ण संख्येपासून निघालं तरी हा लूप थांबतोच का? १९३७ पासून लोक यावर डोकं फोडतायत, सिद्धता अजून नाही. चार-पाच ओळींचा व्हाईल आहे तो.

यंत्र सावध करणार नसेल तर आपणच कठडा बांधायचा. शिकत असताना मी अटीला शेपूट जोडायला लावायचे: ‘व्हाईल शिल्लक > ० अँड महिना < ६००’. पन्नास वर्षांत फिटलं नाही तर काहीतरी चुकलंय, बाहेर ये. तुमच्या प्रोग्रॅमला तर त्याहून शहाणा कठडा घालता येईल. लूपच्या आधीच पहिल्या महिन्याचं व्याज काढा, आणि हप्ता त्याच्याइतका किंवा त्याहून कमी असेल तर ‘या हप्त्याने कर्ज फिटणार नाही’ असं छापून थांबा.

फॉर येतो, मग व्हाईल कशाला? कुकरला तीन शिट्ट्या द्यायच्या, हा फॉर. किती वेळा ते आधीच ठरलेलं असतं. शिजलेली डाळ आणि गूळ कढईत घालून पुरण आटवायचं, हा व्हाईल. किती वेळा ढवळायचं ते कोण सांगेल? डाळ कशी, गूळ किती ओला, आच किती, यावर ते आहे. उलथणं मधोमध उभं राहिलं की पुरण झालं, एवढी खूण आपल्याला ठाऊक असते. उभं राहत नाही तोवर ढवळ. तुमच्या हिशेबात ‘२६’ हा आकडाच तर शोधायचा होता. तो आधी ठाऊक असता तर फॉरने भागलं असतं आणि प्रोग्रॅमची गरजच उरली नसती. वीस सभासदांची वर्गणी वाचायची असेल तर फॉरच वापरा, तिथे व्हाईल लावणं म्हणजे उगाच स्वतःच्या पायात विळी आडवी ठेवणं.

पुढे मासिक बैठकीसाठी नोंदी घ्यायचा प्रोग्रॅम लिहाल तेव्हा एक खळगा लागेल. ‘पुढची रक्कम टाका, संपलं असेल तर ० टाका’ असं विचारून ‘व्हाईल रक्कम != ०’ लिहाल, शून्य टाकाल आणि तो पुन्हा रक्कम विचारेल. पुन्हा शून्य, पुन्हा प्रश्न. कारण ‘इनपुट’मधून जे येतं तो मजकूर असतो, संख्या नसते. ‘०’ हे अक्षर आणि ० ही संख्या पायथनच्या लेखी एक नव्हेत. ‘इंट’मधून काढून घ्या.

सरावासाठी एक गृहपाठ देते, तोही आपल्याकडचाच. नाशिकजवळच्या देवळालीत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. आकड्यांशी खेळण्याचा त्यांना नाद. १९४९ मध्ये त्यांना असं दिसलं की कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतं, आणि एकदा आलं की पुढे तेच येत राहतं. ३५२४ घ्या: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. जगभरात तो आकडा त्यांच्या नावाने ओळखला जातो.

हा लूप तुम्ही ‘व्हाईल संख्या != ६१७४’ असाच लिहा. मघाशी ‘!=’ वरून तुम्हाला एवढं बोलले, पण इथे ते योग्य आहे, कारण गाडी त्या थांब्यावर नेमकी थांबते हे ठाऊक आहे. आणि मग २१११ घालून बघा. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. पुढच्या फेरीत तुमचा प्रोग्रॅम ९९९ चे तीनच अंक मांडेल, ९९९ मधून ९९९ वजा करेल, शून्य येईल, आणि मग शून्यातून शून्य, जन्मभर. कापरेकरांच्या रीतीत ते ०९९९ आहे, पुढचं शून्य सोडायचं नाही. मजकुराला ‘झेडफिल(४)’ लावलं की शून्य परत येतं. तसं केल्यावर २१११ पाचव्या फेरीत ६१७४ वर पोचतं. प्रोग्रॅम आधी मुद्दाम अडकवा, कंट्रोल-सी दाबा, मग दुरुस्त करा. आणि ११११ ला दारातच अडवायचं कसं, ते तुम्ही शोधा.

मुलाला सांगा की! पण दुरुस्ती विचारू नका, गोष्ट सांगा. नोकरीत प्रोग्रॅमिंग करत असेल तर त्याच्या गाठीला असली निदान एक आठवण असेलच, आणि ती त्याने तुम्हाला कधी सांगितली नसेल.

त्या सभासदाचं राहिलं. हा हिशेब बैठकीत सगळ्यांसमोर नाव घेऊन वाचू नका. एखाद्या दुपारी तिला घरी बोलवा, लॅपटॉप उघडा आणि हप्त्याचा आकडा तिलाच टंकू द्या. ५०० घातले तर ८२ महिने, म्हणजे जवळजवळ सात वर्षं, आणि एकूण भरणा ४०,६०० च्या वर. ६०० ला ५६ महिने. म्हणजे महिन्याला शंभरच जास्त भरले तर दोन वर्षं दोन महिने वाचले. ८०० ला ३६, त्यातला शेवटचा हप्ता फक्त सव्वादोन रुपयांचा, कारण पस्तिसाव्या महिन्यानंतर २ रुपये २१ पैसे उरतात आणि ‘> ०’ म्हणजे ‘> ०’, यंत्र तेवढ्यासाठीही तिला छत्तिसाव्या बैठकीला बोलावणार. तिथे तुम्ही दोघी हसाल. १००० ला २६. मग ४०० घालायला सांगा, पडदा धावू द्या आणि तिने विचारलं की कंट्रोल-सी दाबा.